एक पाय काळ्यात : फ्लोरिडाच्या जंगलात आग लावण्याचे दहा दिवस

पहिला दिवस

विक्सबर्गहून पहाटे निघालेली आमची पंधरा आसनी व्हॅन अंधार पडायच्या जरा आधी अपालाचिकोला राष्ट्रीय वनात शिरली. मिसिसिपी, अलाबामा, मग फ्लोरिडाचा पश्चिमेकडे लांबलेला पट्टा. त्याला इथे पॅनहँडल म्हणतात. दिवसभर बसून पाठ आखडली होती. पण झाडं सुरू झाली आणि व्हॅनमधली बडबड आपोआप थांबली.

जंगल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे करवंदीच्या जाळ्या, वेली, दहा पावलांपलीकडे काही दिसू नये अशी गर्दी येते. हे जंगल तसं नव्हतं. लाँगलीफ पाइनची उंच, सरळसोट झाडं सुटी सुटी उभी. खाली गुडघाभर पिवळट गवत. मावळतीचं ऊन थेट जमिनीपर्यंत पोचलेलं. आणि प्रत्येक बुंधा खालून माणूसभर उंचीपर्यंत काळा. मी विचारलं तर टीम लीडर म्हणाली, "जळल्याच्या खुणा आहेत. आता आपलीही त्यात भर पडेल."

मी अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवासंस्थेच्या एनसीसीसी या कार्यक्रमात होते. विशीतली पोरंपोरी दहा महिने टीम करून राहायची आणि जिथे पाठवतील तिथे काम करायची. पुरानंतर घरं साफ करायची, पायवाटा बांधायच्या, झाडं लावायची. ग्रीन कार्ड असल्यामुळे मला अर्ज करता आला. या कार्यक्रमाची प्रेरणा १९३३ ते १९४२ या काळातल्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरची. मंदीत बेकार झालेल्या तरुणांना सरकारने जंगलात कामाला लावलं होतं. त्या मुलांचं एक मोठं काम होतं जंगलातल्या आगी विझवणं. मार्च २०२४ मध्ये आम्ही आलो होतो ते त्याच जंगलांमध्ये आग लावायला.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे राब भाजायला गेलीस म्हण की."

इतकं नेमकं मलाही सुचलं नव्हतं.

दुसरा दिवस

दिवसभर वर्ग. सामान तपासणं, नकाशे, रेडिओ कसा वापरायचा. प्राथमिक प्रशिक्षण आणि पाठीवर २० किलो घेऊन ४५ मिनिटांत तीन मैल चालण्याची परीक्षा आम्ही आधीच देऊन आलो होतो, त्यामुळे आज थेट इथल्या जंगलाविषयी.

शिकवायला आली तीच आमची बर्न बॉस. जंगल ठरवून जाळायच्या कामाला इथे सगळे 'बर्न' म्हणतात आणि त्या दिवशीच्या प्रत्येक निर्णयाची जबाबदारी एका माणसावर असते, तो बर्न बॉस. पन्नाशीची, सावकाश बोलणारी बाई. तिने फळ्यावर दोनच आकडे लिहिले. कधीकाळी व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत लाँगलीफचं जंगल होतं सुमारे ९ कोटी एकर. १९९० च्या दशकात उरलं होतं जेमतेम ३० लाखांच्या आसपास. बराचसा भाग तोडला गेला, शेतीखाली गेला. पण जे उभं होतं त्यातलंही पुष्कळ गेलं ते आग बंद केल्यामुळे.

या जंगलात विजा पडून आगी लागायच्या, हजारो वर्षं. इथले मूळ रहिवासी मुद्दाम लावायचे, पुढे गोरे शेतकरीही गुरांच्या चाऱ्यासाठी लावायचे. दर दोन-तीन वर्षांनी गवत जळायचं, पाइन उभे राहायचे. मग विसाव्या शतकात 'आग म्हणजे शत्रू' हे धोरण आलं. १९२७ पासून तीन वर्षं 'डिक्सी क्रुसेडर्स' नावाने प्रचारक ट्रकमध्ये सिनेमाची यंत्रं घालून दक्षिणेतल्या गावागावांत फिरले, जंगल जाळू नका म्हणून सांगत. १९३५ मध्ये सरकारी वनखात्याचा नियमच झाला की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. आग थांबली. गवताच्या जागी झुडपं, झुडपांवर ओक. खाली ऊन पोचेना, पाइनचं बी रुजेना. आणि वर्षानुवर्षांचा पाचोळा साचलेल्या अशा ठिकाणी जेव्हा आग लागलीच, तेव्हा ती शेंड्यापर्यंत गेली. १९४३ मध्ये याच राज्यातल्या ऑसिओला राष्ट्रीय वनात सरकारने ठरवून पहिल्यांदा जाळलं. १९९० मध्ये फ्लोरिडाने स्वतंत्र कायदा करून ठरवून जाळण्याला जमीनमालकाचा हक्क मानलं. आता या एका राज्यात वर्षाला २० लाख एकरांच्या वर जमीन अशी जाळली जाते.

हे ऐकताना मला आजोळची भाताची खाचरं आठवत होती, आणि रोपांच्या जागेवर भाजायचा तो राब. शेणखत, टहाळं, पाचोळा, गवत, वर मातीचा थर. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे जाळ धावत नाही, सावकाश भाजत जातो. आजीला हे कुणी वर्गात बसवून शिकवलं नव्हतं.

दुपारी ड्रिप टॉर्च हातात दिली. साधारण पाच लिटरचा डबा, वर वेटोळं घातलेली नळी, टोकाला वात. आत तीन भाग डिझेल, एक भाग पेट्रोल. तिरका केला की जळते थेंब टपकत जातात. नळीचं ते वेटोळं शोभेसाठी नसतं, जाळ उलटा डब्यात शिरू नये म्हणून असतं. हवेचं भोक उघडायला मी विसरले आणि थेंबच पडेना. बर्न बॉसने काही न बोलता बोटाने ते भोक दाखवलं.

तिसरा दिवस

हातात दाताळं. दिवसभर तेवढंच.

या जंगलात लाल कोकेडचा सुतार राहतो. इंग्रजी नाव रेड-कोकेडेड वुडपेकर. वीतभर लांबीचा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुतारपक्षी. नराच्या डोक्याशी लालसर ठिपका असतो म्हणे, पण तो सहसा दिसतच नाही. बाकीचे सुतारपक्षी वाळलेल्या झाडात ढोली करतात, हा जिवंत पाइनमध्ये करतो. झाडही म्हातारं लागतं, ऐंशी-शंभर वर्षांचं, आतला गाभा बुरशीने मऊ झालेलं. एवढं करून एक ढोली कोरायला वर्षभर ते तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त. १९७० पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत होता (पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं वर्गीकरण एक पायरी खाली, 'संकटग्रस्त'वरून 'असुरक्षित' असं आलं), आणि जगात त्याची सर्वांत मोठी वसती याच अपालाचिकोलात आहे.

ढोलीच्या भोवती तो चोचीने बारीक भोकं पाडून ठेवतो. त्यातून राळ पाझरत राहते. झाडावर चढणाऱ्या सापाला ती चिकट, ओली राळ ओलांडवत नाही. सापापासून वाचायची अशी सोय, पण आगीच्या दृष्टीने तो बुंधा म्हणजे उभा काकडा. राळ पेटली तर जाळ सरळ ढोलीपर्यंत. म्हणून बर्नच्या आधी प्रत्येक ढोलीच्या झाडाभोवती जमीन उघडी करायची. तीन-चार मीटरपर्यंतचा पाचोळा दाताळ्याने बाहेर ओढायचा, गवत छाटायचं, खाली पडलेल्या साली-ढलप्या उचलायच्या.

झाडांना छातीच्या उंचीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारलेला असतो आणि एक क्रमांकाचा बिल्ला. माझ्या वाट्याला पाच झाडं आली. शेवटचं सगळ्यांत जुनं. वर पाहिलं तर ढोलीच्या खाली राळेचे पांढरे ओघळ थिजलेले, मेणबत्ती रात्रभर जळून सकाळी दिसते तसे. वास टर्पेंटाइनचा, तीव्र, पण खूप सुंदर. लाँगलीफच्या सुया हातभर लांब असतात, तीन-तीनच्या जुडग्यात, आणि बुंध्याशी त्यांची गादीच साचते. चार वाजता हात भरून आले होते. शेवटच्या झाडाची उत्तरेकडची बाजू, जिथे मुळं जमिनीवर उठलेली होती, तिथल्या खोबणीतल्या सुया दाताळ्याने निघेनात. चालेल, म्हटलं मनात. हे मुद्दाम लिहून ठेवतेय.

चौथा दिवस

पहाटे पाचला उठलो, कपडे चढवले. पिवळा शर्ट, हिरवी पँट, दोन्ही सहज न पेटणाऱ्या नोमेक्स कापडाची. कातडी बूट, हेल्मेट, हातमोजे, गॉगल. आठला सगळे गोल करून उभे. आणि नऊला बर्न बॉसने सांगितलं, आज नाही.

दुपारनंतर वारा नैऋत्येचा होणार होता. नैऋत्येचा वारा म्हणजे आमचा धूर ईशान्येला, सरळ टॅलहासी शहरावर. बाकी सगळं बरोबर होतं. हवेतली आर्द्रता, गवताचा ओलावा, माणसं, बंब. एक गोष्ट चुकत होती, तेवढ्यावर थांबलो.

आमच्यातला एक मुलगा चिडला. चार तास तयारी करून हे? ती म्हणाली, "धूर कुठे जाणार हे सांगता येत नसेल तर काडी ओढायचा मला हक्क नाही." मग तिने २०१२ ची गोष्ट सांगितली. गेन्सव्हिलजवळ आंतरराज्य महामार्ग ७५ वर जानेवारीतल्या एका रात्री वणव्याचा धूर आणि धुकं एकत्र झालं. पुढचं काही दिसेना, गाड्या एकमेकींवर आदळत गेल्या. ११ माणसं गेली. ती आग ठरवून लावलेली नव्हती. पण धूर हा धूरच. रात्री हवा गार झाली की तो खाली बसतो, ओढ्यानाल्यांच्या वाटेने पाण्यासारखा वाहतो आणि सखल रस्त्यावर साचतो. म्हणून परवानगी त्या त्या दिवसाची हवा बघून देतात, आणि म्हणून धूर वर किती उंचीपर्यंत मिसळेल हाही आकडा सकाळी बघायचा असतो.

उरलेला दिवस आम्ही होजपाइप गुंडाळण्यात आणि पाण्याच्या पिशव्या भरण्यात घालवला. मला वाटतं, या कामातलं सगळ्यांत अवघड कौशल्य मी त्या दिवशी पाहिलं.

पाचवा दिवस

वारा उत्तरेचा. आज जायचं.

दोनशे एकरांचा तुकडा. दक्षिणेला मातीचा रस्ता, पूर्वेला नांगरून काढलेली जाळरेषा, पश्चिमेला दलदल. नकाशावर प्रत्येकाने बोटाने पळायची वाट दाखवायची: मी इथे उभी, काही झालं तर इकडून असं जाणार. या प्रश्नाला "माहीत नाही" म्हणून चालत नाही. सर्वांत सोपा नियम एकच, एक पाय काळ्यात. जळून गेलेल्या भागाला इथे 'काळं' म्हणतात. जे जळून गेलं ते पुन्हा जळत नाही, म्हणून तीच सुरक्षित जागा. हिरव्यात शिरायचं असेल तर काळं किती लांब आहे हे सतत मोजत राहायचं.

आधी दक्षिणेच्या कोपऱ्यात चाचणीचा जाळ. अंगणाएवढा तुकडा पेटवून सगळे बघत उभे. धूर कुठे झुकतोय, ज्योत किती उंच, गवत किती चटकन घेतंय. पाच-सात मिनिटं कुणी बोललं नाही. मग रेडिओवर तिचा आवाज आला, "ठीक. सुरू करा."

माझं काम राखणीचं. पाठीवर १९ लिटर पाण्याची पिशवी आणि हातपंप, हातात फ्लॅपर, म्हणजे लांब दांडीला जाड रबराचं फडकं. टॉर्चवाले दोघे रस्त्याच्या कडेने थेंब टाकत पुढे गेले. वारा उत्तरेकडून समोर, आणि जाळ दक्षिणेच्या कडेपासून वाऱ्यात तोंड घालून मागे मागे सरकणारा. याला बॅकिंग फायर म्हणतात. ज्योत घोट्याएवढी, फार तर गुडघ्याला लागेल इतकी. तासाला एक ते तीन चेन सरकते. चेन म्हणजे ६६ फूट. इथले आगवाले आजही अंतर चेनमध्येच मोजतात हे कळल्यावर मला फार गंमत वाटली, कारण चौरस चेन म्हणजे बरोब्बर चार गुंठे. आपल्या सातबाऱ्यावरची माणसं या आगवाल्यांशी सहज बोलू शकतील.

खाली वाकून पाहिलं की कळतं हा जाळ काय करतोय. वायरग्रासचा एक झुबका. तारेसारखी बारीक पाती, खालची वाळलेली, मधली हिरवी. जाळ कडेने आला, वाळलेल्या पात्यांनी एक बारीक तडतड केली, पाती तांबडी होऊन वाकली आणि राखेचे पांढरे धागे तसेच उभे राहिले. अर्धं मिनिटही लागलं नाही. हातमोजा काढून मी त्या झुबक्याच्या बुडाशी माती चाचपली. गार होती. दोन बोटांवर आग होऊन गेली आणि माती गार.

सॉ पामेटोचं तसं नाही. पंख्यासारखी मेणचट पानं, जाळ लागला की फटाक्यांच्या माळेसारखी वाजतात आणि ज्योत एकदम डोक्यावर जाते. तशाच एका जाळीतून पानाचा जळता तुकडा उडाला आणि रस्त्यापलीकडे, न जाळायच्या बाजूला पडला. मला दिसला. मी "स्पॉट!" म्हणून ओरडले तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दोघं धावत आले. तोवर सतरंजीएवढं गवत पेटलं होतं. फ्लॅपर आपटायचा नाही, दाबून ओढायचा असतो, आपटला की ठिणग्या उडतात. हे माहीत होतं तरी पहिले दोन मी आपटलेच. मग पाणी. चार मिनिटांत संपलं. पुढचा अर्धा तास मी त्या जागेवरून हलले नाही.

दुपारी दोननंतर कडा पुरेशा काळ्या झाल्या तेव्हा आतल्या भागात पट्टे पेटवले. आता वारा जाळाच्या पाठीशी. पट्टा धावत जाऊन आधीच्या काळ्याला भिडतो आणि विझतो. दोन जाळ समोरासमोर आले की एकमेकांना ओढून घेतात, मध्ये भिंतच उभी राहते आणि मालगाडी जवळून जावी तसा आवाज येतो. धग गॉगलच्या कडेने आत घुसते. मग एकदम शांत. धूर, आणि धुरात उभे पाइन, जसेच्या तसे.

सहावा दिवस

मॉप-अप. आगीपेक्षा हा दिवस मोठा.

कडेपासून आत शंभर फुटांपर्यंत जे जे धुमसतंय ते विझवायचं. ओंडके उलटायचे, बुडखे खणायचे, राखेत पाणी घालून चिखल करायचा. जुने राळेने भरलेले बुडखे सगळ्यांत चिवट. लाकडाचं सगळं सत्त्व आत गोठलेलं, काळा धूर सोडत दोन-दोन दिवस जळतात. विझलं का हे डोळ्यांनी कळत नाही. हातमोजा काढायचा, हाताची मागची बाजू आधी जवळ न्यायची, धग नाही वाटली तर हळूच टेकवायची. कपाळाला हात लावून ताप बघतात तसं. दिवसभरात मी किती बुडख्यांचा ताप पाहिला देव जाणे.

एका ठिकाणी राखेच्या मधोमध पिवळ्या वाळूचा ताजा ढीग आणि मागे अर्धगोल बीळ. गोफर कासवाचं. ही बिळं तीस-चाळीस फूटसुद्धा लांब जातात आणि आग आली की कासवाबरोबर साप, बेडूक, उंदीर, किडे सगळे त्यात शिरतात. साडेतीनशेहून जास्त जातीचे जीव या बिळांचा आसरा घेतात. ढिगावर ओरखडे होते. राख पडून एक रात्र झाली होती आणि घरमालक बाहेर येऊन गेला होता.

सातवा दिवस

पाऊस. कपडे धुतले. धुराचा वास गेला नाही.

आठवा दिवस

पाऊस पडून गेला की हवा कोरडी होते आणि वारा एका दिशेने वाहतो. अशा दिवसांची इथे वाट बघतात. पण आज गवत अजून ओलं होतं. म्हणून पाचव्या दिवशीच्या तुकड्याची फेरी मारायला सकाळी गेलो.

काळ्या जमिनीवर एक म्हातारे गृहस्थ गुडघे टेकून बसले होते. जमिनीत लाकडाची खुंटी ठोकलेली आणि तिच्या डोक्यावर ते लोखंडाची पट्टी घासत होते. आवाज डुकराच्या गुरगुरण्यासारखा, पायाखाली कळेल इतका. आणि आजूबाजूच्या मातीतून गांडुळं वर येत होती. एक, पाच, वीस. वीत-वीतभर लांब. सॉपचॉपी गावाच्या बाजूला हा धंदाच आहे, गळाला लावायला गांडुळं विकतात, त्याला वर्म ग्रंटिंग म्हणतात. जंगलात हे करायला परवाना लागतो. गांडुळं का येतात, तर त्यांना वाटतं खालून चिचुंदरीसारखा तो मोल नावाचा प्राणी खणत येतोय. २००८ मध्ये एका शास्त्रज्ञाने याच जंगलात प्रयोग करून हे दाखवलं.

मी त्यांना विचारलं, "तुम्हाला जळलेल्या जागेत का यावंसं वाटतं?"

"गवतात गांडूळ दिसतं का पोरी? इथे दिसतं." मग पट्टी पुसत म्हणाले, "तुम्ही जाळलंत ना हे? चांगलं केलंत. आमचे आजोबाही जाळायचे. मध्ये बंद करायला लावलं होतं."

डिक्सी क्रुसेडर्सचे ट्रक ज्यांच्या गावातून फिरले असतील त्या माणसांचा हा नातू माझ्यासमोर बसला होता. त्यांच्या बादलीतल्या गांडुळांपेक्षा मी त्यांच्या हातांकडे जास्त वेळ पाहत राहिले.

नववा दिवस

सुतारपक्ष्यांचा तुकडा. तिसऱ्या दिवशी दाताळी मारली तो.

आज टॉर्च माझ्या हातात. एक अनुभवी माणूस वीस पावलांवर, त्याची नजर माझ्यावर. हवेचं भोक उघडलं, वात पेटवली, चालायला लागले. हात खाली, मनगट सैल, तीन पावलांना एक थेंब. थेंब गवतात पडतो तिथे आधी केशरी टिकली, मग टिकल्यांची ओळ, मग ओळीची रेघ. मागे वळून पाहिलं तर माझ्या चालण्याचा आकार पेटलेला. घाई केली की थेंबांत खंड पडतो, रेंगाळले की जाळ वाजवीपेक्षा मोठा. वाऱ्याकडे लक्ष, रेडिओकडे लक्ष, शेजारच्या टॉर्चवाल्याच्या पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही. आणि सतत: काळं कुठे आहे?

ढोलीच्या झाडांशी जाळ नेताना त्यांच्याभोवतीच्या उघड्या कड्यापासून सुरुवात करतात, म्हणजे जाळ झाडापासून दूर जातो. चार झाडं सुरळीत झाली. जाळ कड्याच्या बाहेर सरकला, आतली वाळू कोरी राहिली.

पाचव्या झाडाशी मी कडं पेटवून वळले आणि मागून शिट्टी ऐकू आली. उत्तरेच्या बाजूला, मुळांच्या त्या खोबणीतून धूर येत होता. ठिणगी कुठून गेली माहीत नाही, पण सुया मी सोडल्या होत्या. मग बुंध्यावर एक निळसर जीभ वर चढली. राळ पेटली. कमरेएवढी, डोक्याएवढी, भरभर, चर्र आवाज करत. ढोली सात-आठ मीटरवर.

टॉर्च बंद करून काळ्यात ठेवली, एवढं शिकवलेलं हातांनी आपोआप केलं. शेजारच्याने पाठीवरच्या पंपाची धार खालून वर धरली. पाणी राळेवरून ओघळून येत होतं, जाळ त्याच्या वरून पुढे. रेडिओवर बंब मागवला. तो पोचायला दोन मिनिटं लागली असतील. होजपाइपची धार वर गेली, वाफ आणि काळा धूर, आणि तीन मीटरच्या वर कुठेतरी जाळ तुटला. पट्ट्याच्या वर काळी चीर राहिली, ढोली त्याच्या बरीच वर.

मी बर्न बॉसला जाऊन सांगितलं की त्या सुया माझ्याने राहिल्या, तिसऱ्या दिवशी दिसल्या होत्या तरी सोडल्या. ती रागावली नाही. म्हणाली, "संध्याकाळी थांब. बघून जा."

सहा वाजता सगळं शांत होतं. जमीन काळी, बुडख्यांमधून धुराचे दोरे. आम्ही दोघी झाडापासून चाळीस पावलांवर, जळलेल्या ओंडक्यावर बसलो. या पक्ष्यांचं कुटुंब असतं. आईवडील आणि आधीच्या वर्षीचे एकदोन मुलगे, जे नव्या पिल्लांना भरवायला मदत करतात. पण झोपायला प्रत्येकाची ढोली वेगळी, आणि दिवस मावळताना ज्याचा तो आपापल्या झाडावर येतो.

पहिला आला तो पलीकडच्या झाडावर. मग दुसरा. माझ्या झाडावर कोणी नाही. प्रकाश इतका कमी झाला की बिल्ल्याचा आकडा दिसेना. तेवढ्यात एक बारीक, चिरका आवाज झाला आणि बुंध्यावर काहीतरी टेकलं, काळ्या चिरेच्या जरा वर. पक्षी तिथेच थांबला. मान एका बाजूला, मग दुसऱ्या. मग शेपटीचा टेकू देत, गोल फिरत वर गेला, ढोलीच्या तोंडाशी डोकावला, मागे सरकला, पुन्हा डोकावला.

आणि आत गेला.

दहावा दिवस

अवजारं मोजून परत केली. दाताळी अकरा, फ्लॅपर सहा, पाण्याच्या पिशव्या आठ. व्हॅन नऊला निघणार होती, म्हणून मी पहाटेच बर्न बॉसच्या गाडीतून त्या तुकड्याकडे गेले. रात्री धूर रस्त्यावर बसला नव्हता.

वाटेत तीन आठवड्यांपूर्वी जाळलेला एक भाग लागतो, तिथे तिने गाडी थांबवली. काळ्यावर वायरग्रास हातभर हिरवं आलं होतं. त्यात लाँगलीफची रोपं. पहिली काही वर्षं हे झाड झाड वाटतच नाही, गवताचा झुबका वाटतं. खोड जमिनीतच, वर फक्त सुया. जाळ येतो तेव्हा सुया जळतात आणि मधला कोंब त्यांच्या आड तगतो. तिने एका रोपाच्या करपलेल्या तांबड्या सुया दोन बोटांनी बाजूला केल्या. आत पांढरा कोंब. चंदेरी लव, चिमटीएवढा, स्वच्छ.

"हात लाव," ती म्हणाली.

मी मोजा काढला.